सतरावं मिनिट

१

छप्पन व्याख्यानं दोन दिवसांत संपली होती आणि ती कुणीही पाहिली नव्हती. सोमवारी सकाळी काकासाहेब माझ्या दारात उभे राहून हेच सांगत होते. माझं लक्ष मात्र त्यांच्या पाठीमागे गल्लीच्या तोंडाकडे होतं, कारण नळाला नवव्या दिवशीही पाणी आलं नव्हतं आणि टँकरवाला फोन उचलत नव्हता.

"बाई, चोरी झालीय," ते म्हणाले. "तुम्ही जन्मभर पुस्तकचोर पकडले. आता हा पकडा."

मी सत्तावीस वर्षं ग्रंथालय निरीक्षक होते. गावोगावची वाचनालयं तपासायची, नोंदवह्या चाळायच्या, शेरे मारायचे, एवढंच माझं काम. पुस्तकचोर फार तर चार पकडले असतील, त्यातले दोन ग्रंथपालच निघाले. पण हे काकासाहेबांना कोण समजावणार? गारखेड्याच्या या भागात त्यांची ज्वारी उभी असायची तेव्हापासून लोक त्यांचं ऐकत आलेत. आता ज्वारीच्या जागी इमारती आहेत आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर त्यांनी आईच्या नावानं मोफत अभ्यासिका काढली आहे. तिथं चाळीस मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. निवृत्तीनंतर मी माझी दोन कपाटं पुस्तकं तिथं देऊन टाकली, त्यामुळे रत्नमालाबाई म्हणून थोडा मान मिळतो आणि अशी बोलावणीही येतात. गुडघे दोन्हीसाठी सारखेच दुखतात.

प्रकरण असं होतं. पुण्याच्या एका क्लासची छप्पन व्याख्यानं अभ्यासिकेच्या लॅपटॉपवर होती. ती कुलपातली व्याख्यानं. त्यांची नक्कल निघत नाही, दुसऱ्या यंत्रावर ती चालत नाहीत, आणि प्रत्येक व्याख्यान फक्त दोनदा पाहता येतं. तिसऱ्यांदा उघडायला गेलं की पडद्यावर लाल पट्टी येते. मुलांनी यावर तोड काढली होती. सगळ्यांनी मिळून भिंतीवर पाहायचं, म्हणजे चाळीस जणांचं मिळून एकदाच मोजलं जातं. पहिली फेरी हिवाळ्यात झाली. दुसरी फेरी परीक्षेआधीच्या एकवीस दिवसांसाठी राखून ठेवली होती, जशी घरातली शेवटची भरलेली कळशी ठेवतात तशी.

शुक्रवारी संध्याकाळी यादीत प्रत्येक व्याख्यानापुढे 'एक शिल्लक' दिसत होतं. शनिवार-रविवार टँकर आला नाही म्हणून अभ्यासिका बंद ठेवली. सोमवारी सकाळी पहिलं व्याख्यान लावलं तर लाल पट्टी. दुसरं लावलं, लाल पट्टी. छप्पनच्या छप्पन तशीच.

"एकेक व्याख्यान दीड तासाचं," काकासाहेब म्हणाले. "सगळी पाहायला चौऱ्याऐंशी तास लागतात. दोन दिवसांचे तास अठ्ठेचाळीस. मग संपली कशी?"

हिशोब बरोबर होता. मी चप्पल पायात सरकवली.

"चोर कोण ते मला ठाऊकच आहे म्हणा," ते जिना उतरताना म्हणाले. "किल्ली त्या मेंढपाळाच्या पोरीकडं असते. दिपाली. पोरांनी आज तिची बॅग पण उलटी करून पाहिली. तुम्ही म्हणताय म्हणून गुरुवारपर्यंत थांबतो. तोवर दुसरं कुणी सापडलं नाय, तर तिची जागा गेली समजा."

मी काहीच म्हटलं नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा चालणं सोपं होतं.

२

अभ्यासिकेत सगळ्यात आधी अंगद भेटला. पैठणकडच्या बागायतदाराचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप तोच सांभाळतो. लॅपटॉपचा परवलीचा शब्द कागदावर लिहून फळ्याला चिकटवलेला होता, त्यामुळे दाराची किल्ली ज्याच्याकडे, त्याला लॅपटॉप मोकळाच. किल्ल्या तीन. एक काकासाहेबांच्या घरी, एक ग्रंथपाल रामकिसन यांच्याकडे आणि एक दिपालीकडे, कारण ती दौलताबादहून पहिल्या बसनं येते आणि सगळ्यांच्या आधी दार उघडते.

अंगदचं म्हणणं असं की, कुणीतरी कॉपीचं सॉफ्टवेअर लावून सगळी व्याख्यानं ओढून घेतली. सॉफ्टवेअरला दीड तास बसून पाहावं लागत नाही. शनिवारी सकाळी आठला तो समोरच्या टपरीवर चहा पीत होता, तेव्हा दिपाली फुगलेली बॅग घेऊन बाहेर पडताना त्यानं स्वतः पाहिली. आणि त्याचा एक नातेवाईक दौलताबादला असतो. त्यानं सांगितलं की, तिच्या मावशीच्या घरी तीन पोरी ही व्याख्यानं धडाधडा म्हणून दाखवतात, क्लासच्या सरांच्या विनोदांसकट.

तो हे सगळं चिडून सांगत होता, पण मला त्याच्या रागाखाली भीती दिसली. शेवटी ती बाहेर आलीच. "बाई, माझा हा तिसरा प्रयत्न हाय," तो म्हणाला. "ह्या वेळी नाय झालं, तर मी घरी तोंड कसं दाखवू?"

रामकिसन मला पाहून नेहमीप्रमाणे उठून उभे राहिले. किती वेळा सांगितलं, आता मी निरीक्षक नाही, बसून राहत जा. ऐकत नाहीत. साठी ओलांडलेला हा माणूस पूर्वी फुलंब्रीकडच्या एका गावात ग्रंथपाल होता, तेव्हापासून आमची ओळख. त्यांनी मला अर्धा ग्लास पाणी दिलं. त्या दिवसांत पाहुण्यालाही अर्धाच ग्लास मिळायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

दोन दिवसांत इथं कोण आलं होतं, असं मी विचारलं.

"कुणीच नाय मॅडम. मी दोन्ही दिवस हितंच होतो. वाचनालय बंद हाय तर पडताळणी उरकून घ्यावी म्हणलं. सकाळी दहा-साडेदहाला यायचो, साडेचारला कुलूप. व्याख्यानं पाहायला एक माणूस आलं नाय."

त्यांच्या टेबलावर नोंदवही होती, वळणदार अक्षरात भरलेली. माझी दोन कपाटं ओळीनं लावलेली दिसत होती. मी मान डोलावली. म्हणजे चोर सकाळी दहाच्या आधी किंवा साडेचारनंतर आला असणार, असं मी मनाशी धरलं. सत्तावीस वर्षं तपासणी केलेल्या बाईनं असं पटकन काही धरू नये, पण मला तेव्हा घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं.

दिपाली शेवटच्या बाकावर बसून वहीतून वहीत काहीतरी उतरवत होती. तेवीस वर्षांची, उंच, सावळी. ती रडत नव्हती आणि त्याचाच सगळ्यांना जास्त राग आलेला दिसत होता. तिचे वडील मुंजाबा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेले होते, कारण इकडे कुसळही उरलं नव्हतं. अभ्यासिकेत जागा आहे तोवर शीक, असं त्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं. जागा गेली की तिनं कळपामागे जायचं. काकासाहेबांना जे एक बाक वाटत होतं, ते हिचं सगळं होतं.

शनिवारी आली होतीस का, असं विचारल्यावर तिनं सरळ हो म्हटलं. वह्या राहिल्या होत्या, त्या घेतल्या आणि दोन मिनिटांत निघाले, म्हणाली. बॅगेत वह्याच होत्या.

"आणि दौलताबादच्या पोरींकडं ही व्याख्यानं कशी गेली?"

तिनं वही मिटली. पाठीमागे अंगद आणि आणखी पाचसहा जण कान देऊन उभे होते.

"मीच दिली," ती म्हणाली. "कशी दिली ते हितं सांगून कुणाला पटायचं नाय. तुम्ही येऊन बघा."

३

मंगळवारी दुपारच्या बसनं मी दौलताबादला गेले. किल्ल्याखालच्या पेरूच्या बागा वाळून काड्या झाल्या होत्या आणि रस्त्याकडेला पाण्याची निळी पिंपं रांगेत ठेवलेली होती. या वयात चोर शोधत बसनं फिरण्यात काही अर्थ नाही, असं मी स्वतःला तीनदा सांगितलं. पण त्या मुलीचं 'येऊन बघा' डोक्यातून जात नव्हतं.

दिपालीची मावशी भागूबाई दारातच शेळ्यांना पाला टाकत होती. मी कोण, कशाला आले, हे सांगितल्यावर तिनं मला आधी पायरीवर बसवलं आणि मग विचारलं, "पोरगी काढली व्हय तिथून?" अजून नाही, असं म्हटल्यावर तिनं घरातल्या तिन्ही पोरींना हाक मारली. दोघी तिच्या, एक शेजारची. तिघी बारावी होऊन घरी बसलेल्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या.

मी म्हटलं, जे येतं त्यातलं काहीतरी म्हणून दाखवा. थोरली उभी राहिली, हात मागे बांधले, घसा खाकरला आणि धनविधेयकावर सुरू झाली. आवाज बायकी, पण ढब एखाद्या जाड्या सरांची. क्लासचे सर असेच बोलत असणार. अंगदला जे कळलं होतं ते खोटं नव्हतं.

"आता बघा," ती म्हणाली. "मेंढरं कोणत्या रानात न्यायची ते कारभारी ठरवतो. तो म्हणजे लोकसभा. म्हातारा म्हणजे राज्यसभा. म्हाताऱ्यानं कुरकुर करायची, सल्ला द्यायचा, पण चौदा दिवसांच्या आत. चौदा दिवस झाले की मेंढरं निघाली. म्हाताऱ्याला अडवता येत नाय."

मला कित्येक दिवसांनी हसू आलं. पुण्याचे सर पडद्यावर मेंढरांचं उदाहरण देणं शक्य नव्हतं. ध्वनिमुद्रण असतं तर सरांचं उदाहरण शब्दाला शब्द आलं असतं. हे उदाहरण याच घरातलं होतं. मी विचारलं, हे कशावर ऐकलं? मोबाईलवर?

"मोबाईल कसला वो बाई," भागूबाई म्हणाली. "तिचं तोंडच चालू असतंय. सांजच्याला आली की पाला टाकता टाकता समदं पहिल्यापासून सांगती. म्या पण ऐकती. मला बी म्हातारा-कारभारी पाठ झालाय."

तर दिपालीनं दिलं होतं, ते हे. दिवसभर भिंतीवर पाहायचं, संध्याकाळी घरी येऊन तीन पोरींना आपल्या उदाहरणांनी पहिल्यापासून सांगायचं. हिवाळाभर तिनं छप्पन संध्याकाळी असं केलं होतं. कुलूप फोडायची तिला गरजच नव्हती. माझी खात्री पटली, पण काकासाहेबांना ही खात्री पुरणार नव्हती. त्यांना दुसरं नाव हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

४

बुधवारी मी कृष्णाला गाठलं. ही व्याख्यानं मुळात त्याची. अभ्यासिकेतलाच विद्यार्थी, दोन वर्षांपूर्वी परीक्षा पास झाला आणि आता एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पुढच्या प्रयत्नासाठी घेतलेली ही व्याख्यानं उघडायच्या आधीच निकाल लागला, म्हणून त्यानं ती अभ्यासिकेला विकली. पुस्तकं विकतात तशीच, जुनी म्हणून कमी दरात. माझा संशय असा की, यानं ती दुसऱ्या कुणाला परत विकली असावी.

कार्यालयाच्या कँटीनमध्ये त्यानं आधी चहा मागवला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मॅडम, मला हे विकताच येत नव्हतं. नियमात बसत नाय."

त्यानं मला जे समजावलं ते असं. व्याख्यानं त्याच्या नावावर, आणि फक्त त्याच्याच एका लॅपटॉपला बांधलेली. दुसऱ्याला द्यायची नाहीत, उसनी नाहीत, विकायची नाहीत. म्हणून त्यानं सगळा लॅपटॉपच देऊन टाकला. खातं मात्र अजून त्याच्याच नावावर चालतं. क्लासला याचा पत्ता लागला तर सगळंच बंद करतील, म्हणून तक्रार करायचीही सोय नाही.

मी त्याला तरीही क्लासला फोन लावायला सांगितला आणि नाव न सांगता विचारलं की, आमची व्याख्यानं संपली तर ती परत मिळतात का. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, व्याख्यानं तुमची नसतातच. तुम्ही फक्त ती पाहायची परवानगी घेतलेली असते."

मी फोन परत दिला. प्रत्येक पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का आहे की नाही, हे पाहण्यात माझं आयुष्य गेलं. शिक्का म्हणजे हे पुस्तक आता आमचं. वाळवी लागली तरी आमचं. ही परवानगी कुठल्या पानावर शिक्का मारून ठेवायची, मला सुचेना.

कृष्णानं स्वतःहून मोबाईल पुढे केला. खातं त्याचं असल्यामुळे कोणतं व्याख्यान कधी, कुठून कुठपर्यंत चाललं, याची यादी क्लास त्याला पाठवतो. त्यानं ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. सगळं त्याच लॅपटॉपवर झालं होतं, हे पहिल्याच ओळीत दिसलं. म्हणजे कृष्णा सुटला.

मग मी चष्मा पुसून पुढच्या ओळी वाचल्या. शनिवार, सकाळी दहा पस्तीस, व्याख्यान पहिलं. त्यानंतर दर अकरा मिनिटांनी पुढचं, ओळीनं, एकही न गाळता. एक ते दीड काहीच नाही. पुन्हा सुरू, सव्वाचारपर्यंत. शनिवारी अठ्ठावीस झाली. रविवारी तसंच, उरलेली अठ्ठावीस. सगळ्यात शेवटी क्लासच्या संचालकांचं तीन मिनिटांचं शुभेच्छांचं भाषणही होतं. ते चोरून कुणाला काय मिळणार होतं?

आणि प्रत्येक व्याख्यानाखाली तीन नोंदी. सुरुवातीला थोडं चाललं. मग एकदम उडी मारून सतराव्या मिनिटावर थोडं चाललं. मग शेवटी, संपेपर्यंत. शेवट गाठला की यंत्र पूर्ण पाहिलं असं धरतं, आणि एक पाहणी खर्च होते.

"हे कसलं सॉफ्टवेअर असेल?" कृष्णा म्हणाला. "मॅडम, सतराव्या मिनिटाला असतं काय?"

"काही नसतं," मी म्हणाले. मला तिथं बसवेना.

५

सतराव्या मिनिटाला काही नसतं, पण सतराव्या पानावर असतं. प्रत्येक वाचनालय पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का मारतं आणि आणखी एक शिक्का आतल्या एका ठरलेल्या पानावर मारतं. त्याला गुप्त पान म्हणतात. चोरानं पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी गुप्त पानावरून पुस्तक ओळखता येतं. या जिल्ह्यातल्या कितीतरी वाचनालयांना सतरावं पान मी स्वतः नेमून दिलं होतं. वर्षातून एकदा वाचनालय बंद ठेवून पडताळणी होते. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं, पहिलं पान, सतरावं पान, शेवटचं पान उघडून पाहायचं, मग नोंदवहीत खूण करायची.

जेवायला एक ते दीड सुट्टी घेणारा, शुभेच्छांचं भाषणही न गाळणारा चोर नव्हताच. रामकिसननी मला सोमवारीच सांगितलं होतं की पडताळणी केली. ती मी पुस्तकांची धरली.

गुरुवारी सकाळी, मुलं जमायच्या आधी, मी त्यांच्याकडे नोंदवही मागितली. पुस्तकांच्या नोंदी चौदाशे अकराला संपत होत्या. त्याखाली चौदाशे बारापासून व्याख्यान पहिलं, व्याख्यान दुसरं, असं ओळीनं. प्रत्येकापुढे लाल शाईची खूण.

"काकासाहेबांनी ती वाचनालयाची म्हणून सांगितलं, म्हणून दाखल केली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "सगळी उघडून पाहिली मॅडम. न पाहता एक खूण केली नाय."

उघडताना पडद्यावर इंग्रजीत काही येत होतं का, असं मी विचारलं. येत होतं, म्हणाले, एक चौकट यायची. ती उघडायची परवानगी मागते असं समजून त्यांनी दर वेळी हिरवं बटण दाबलं.

मी त्यांना हळूहळू सांगितलं. आधी त्यांना कळेना, कारण त्यांच्या लेखी पाहणं म्हणजे दीड तास बसून पाहणं. त्यांनी तर नुसतं तपासलं होतं. मग कळलं. ते खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"म्हणजे मी संपवली," ते म्हणाले. "आणि बोल लागला त्या पोरीला."

चौदा वर्षांपूर्वी फुलंब्रीकडच्या त्या वाचनालयात मी यांची पडताळणी तपासली होती. एक पुस्तक यादीत खूण केलेलं होतं आणि कपाटात नव्हतं. मी शेरा मारला, 'उघडून न पाहता खूण केली.' त्या शेऱ्यापायी वाचनालयाचा दर्जा 'ब'वरून 'क'वर आला. गाव या माणसाला वर्षभर बोललं. मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले आणि विसरले. ते विसरले नव्हते. त्यानंतर त्यांनी आयुष्यात एकही वस्तू न उघडता खूण केली नाही, आणि या वेळी वस्तूच अशी होती की उघडली की संपते. मला त्यांची लाज वाटली नाही, माझी वाटली. हे कुणालाही न सांगता मी घरी जाऊ शकत होते. चोर सापडला नाही म्हटलं असतं तर काकासाहेबांनी मुलीला काढलं असतं आणि मी टँकरची वाट पाहत बसले असते.

रामकिसननी डोळे पुसले आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्यांसमोर मीच सांगतो."

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "हे माझं आहे."

६

नऊ वाजता सगळे जमले. काकासाहेब खुर्ची आणून दारात बसले. मी उभी राहून सगळं सांगितलं, यादीच्या वेळांपासून सतराव्या पानापर्यंत. दिपालीच्या मावशीच्या घरी काय ऐकलं तेही सांगितलं. शेवटी म्हणाले की, रामकिसनरावांनी काम चोख केलं. नियम माझा होता, शेरा माझा होता. कुणाचं नाव घ्यायचंच असेल तर माझं घ्या.

चाळीस जणांना चोरावर राग काढायचा होता आणि समोर एक थकलेली म्हातारी आणि एक मान खाली घातलेला ग्रंथपाल होता. मागे कुणीतरी विचारलं की, मग व्याख्यानं परत मिळतील का. नाही मिळणार, मी म्हणाले.

काकासाहेबांनी सोमवारीच दिपालीकडून काढून घेतलेली किल्ली हातात फिरवली. मग ती दिपालीपुढे धरली. "ठेव तुझ्याकडंच," ते म्हणाले. एवढ्या माणसांत त्यांच्याकडून यापेक्षा जास्त निघणार नव्हतं.

दिपालीनं किल्ली घेतली नाही. "जागा राहिली ते बरं झालं," ती म्हणाली. "पण सोमवारी माझी बॅग सगळ्यांसमोर फरशीवर उलटी केली. नंतर भरायला कुणी वाकलं नाय. मीच भरली. ते काय करायचं, काकासाहेब?"

काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू याचाही तपास मी करावा. मला त्या मुलीचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार थकवा आला. परीक्षा अठरा दिवसांवर होती, व्याख्यानं गेली होती, आणि सत्य कळून एकाही मुलाचा एक गुण वाढणार नव्हता.

अंगद उठून पुढे आला. त्यानं काकासाहेबांच्या हातातून किल्ली घेतली आणि तिच्या बाकावर ठेवली. माफी मागायला त्याला जमेना. त्यानं विचारलं, "तू त्या पोरींना सगळीच सांगितली होती? छप्पन?"

"सगळीच."

"आम्हाला सांगशील?"

मला वाटलं, नाही म्हणेल, आणि म्हणाली असती तरी तिचं काही चुकलं नसतं. तिनं किल्ली उचलून ओढणीच्या टोकाला बांधली. मग फळ्यापाशी गेली, परवलीच्या शब्दाचा कागद काढून टाकला आणि खडू घेतला.

"भूगोलापासून करू," ती म्हणाली. "लिहून घ्या."

तिनं पश्चिम घाट काढला, त्यावर ढग काढले आणि इकडे आपला जिल्हा. ढग घाट चढताना तिकडेच रिते होतात आणि आपल्याकडे येतात ते कोरडे, याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, असं तिनं सांगितलं. रामकिसन हळूच येऊन शेवटच्या बाकावर बसले. खिडकीबाहेर टँकर येऊन थांबला, तरी कुणी उठलं नाही.

अंगदला वाऱ्याची दिशा कळेना. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तिनं खडू खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं.

चौथ्यांदा विचारायला त्याला लाज वाटत होती, हे मला बसल्या जागेवरून दिसलं. तरी त्यानं हात वर केला. दिपाली वैतागली, पण सांगितलं.